आमच्या बांधाला कोन हाय, ते इचारा

…आन वर मलाच म्हनतेत, की बायनाबाई सुनेला उपाशी मारती! मी! तुमाला सांगते, आमची संगीता, म्हंजी माजी सून, सुंदररावची बायको, ती दारात उभी राहिली की आत दिवा लावावा लागतोय, एवढी ती उपाशी हाय. पर न्हाई! चार लाख लोकांनी बघितलं म्हनं. चार लाख! आमच्या धारूरच्या किल्ल्यावर लढाई झाली आसंल तवा सुदिक एवढी मानसं जमली नसतील, तेवढी माजं वाट्टोळं बघायला जमली. बरं, ह्या चार लाखातल्या एकानं तरी माज्या चुलीपाशी बसून भाकरी मोजल्या का? न्हाई. मग कशावरून म्हनता रं? तर… मोबाईलमधी हाय.

झालं. मोबाईलमधी हाय म्हनल्यावर मिटलंच की सगळं.

आमचा सुंदरराव असाच. माजं लेकरू हाय, चौपन्न वर्साचं, जमीन कसतंय, कष्टाला वाघ, पर मोबाईल हातात घेतला की त्येचं डोकं कुठं ठिवतंय कुनाला ठाव. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी पळत आला. "माय! बारा ते तीन आभाळातून किरनं येनार हायेत, जवळ मोबाईल ठिवला की मानूस भाजून निघतंय!" मी म्हनलं, कोन म्हनलं? "मोबाईलमधी हाय, माय!" आन घरातले सगळे मोबाईल गोळा केले, फडक्यात बांधले, अन् ज्वारीच्या कनगीत पार तळाला पुरले. आमी बसलो गप. तीन वाजले. सुंदरराव हलंना. मी म्हनलं, अरं काढ की आता. तर म्हनतो, "किरनं गेली का न्हाई ते बघावं लागंल." मग बघ की! "कशात बघू? मोबाईल कनगीत हायेत…" तुमाला सांगते, पाच वाजेस्तोवर ते लेकरू कनगीपाशी उकिडवं बसलतं. शेवटी संगीतानं हात घालून काढले. ती काई भाजली न्हाई. ज्वारी तेवढी सांडली.

मी त्येला तवाच सांगितलं. अरं बाबा, मी शाळेची पायरी चढले न्हाई, मला पांढऱ्यावरचं काळं कळत न्हाई, पर एक कळतंय. कुनी काई सांगितलं की पैलं इचारायचं… त्येच्या बांधाला कोन हाय?

आता तुमी म्हनताल, हे काय? सांगते. बसा.

पैले सोयरीक करायची म्हनल्यावर पोराच्या घरी कोन इचारायचं का? पोराच्या घरी काय, पोरगं सोन्याचंच आसतंय! त्येच्या पाव्हन्याला इचारलं तरी सोन्याचंच. इचारायचं त्येच्या बांधाशेजाऱ्याला. ज्येचं शेत त्येच्या शेताला लागून हाय, त्येला. कावून? तर शेजारी रोज बघतोय. सकाळी कोन कवा उठतंय, बैलाला कोन कसं मारतंय, शेतात भाकर कुनाची येती, आन किती येती. माज्या येळंला माजा बाप बी असाच चकलांब्याहून ह्या गावात आलता. घरी गेला न्हाई, नीट बांधावर गेला. शेजारी म्हनला, "अहो देवमानसं! सासू तर गाय हाय, गाय!" बाप खूश. सुपारी फुटली. आन लगीन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला कळलं, की त्यो शेजारी म्हंजी माज्या सासूचा सख्खा भाचा!

बापाला म्हनलं, बापा, असं कसं केलंस? बाप म्हनला, "बाय, बांधाला इचारायचं एवढंच ठाव होतं. बांध भांडनातला पायजे हे ध्यानातच आलं न्हाई."

तवापासून ही माजी गाठ पक्की. बांधाशेजारी पायजे, आन त्यो भांडलेला पायजे. भांडलेला मानूस वाईट बोलला तर निम्मं सोडून द्यायचं. पर भांडलेला मानूस चांगलं बोलला… मग डोळे झाकून पोरगी द्यावी.

तर आता माजी नात वैष्णवी. अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स हाय. तिला स्थळ आलं घाटनांदूरचं. पोरगा अंगद, जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरून देतो, हिरीवरच्या, बोअरच्या. सुंदररावनं लगीच मोबाईल काढला. "माय, एकशेबारा लोकांनी पाच-पाच चांदन्या दिल्यात त्येच्या दुकानाला! मोबाईलमधी हाय!" मी म्हनलं, चांदन्या देनारे कोन? त्येचे मामे-मावसभाऊच आसतील एकशेबारा. आमच्यात एका लग्नाच्या पंगतीला तेवढे तर नुसते मावसभाऊ आसतेत. त्येच्या बांधाला कोन हाय? "माय, दुकानाला बांध कुठून आसंल?" अरं मग समोर दुसरा मोटार भरनारा आसंल की! त्येला इचारून ये!

गेला बिचारा. समोरचा म्हनला म्हनं, "कोन अंगद? लई येळकाढू. आज देतो म्हनतो, चार दिसानं देतो. गिऱ्हाईकाशी बोलायची अक्कल न्हाई. पर तांब्याची तार चोरत न्हाई." मी म्हनलं, झालं! पोरगी द्या!

पोरापोरीनं बी एकमेकाला बघितलं. त्येनं हिला एकच इचारलं, "तुमाला नाईट ड्युटी असली तर सकाळी घ्यायला येऊ का?" वैष्णवी ते मला सांगताना नुसती पदराशी खेळायली… ड्रेसला पदर नसतोय, ओढनी म्हना. मला कळलं. सुपारीची तारीख ठरली. घाटनांदूरचे म्हातारे, अंगदचे आजे तात्याबा, स्वता म्हनले, "बाई, घर बघून पोरगी करायलोय बगा आमी."

आन मग ते झालं. आन केलं कुनी? मीच.

चैत्रात आमच्या अंगनात कुरडया होत्या. गव्हाचा चीक चुलीवर रटरटायलाय, सात-आठ बाया सोऱ्या दाबायल्या, आन बायांचे हात चालू आसले की माजं तोंड चालू आसतं, ते काई लपलेलं न्हाई. एकजन म्हनली, "बायनामाय, तुमच्या सासूचं सांगा की." मग काय! मी पदर डोक्यावरून असा नाकापस्तोर ओढला, कंबरंवर हात, हातात उलथनं, आन सासू आनली अंगात. "काय गं ए चकलांब्याची! किती भाकरी खाल्ल्यास? दोन? तिसरीला हात लावशील तर उलथनं तापवून डाग दीन! तुज्या बापानं काय ज्वारीचं पोतं पाठवलंय का संगं?" बाया हसून हसून आडव्या. आन म्होरं चीक ढवळायला बसलती कोन? संगीता. सारखी मान खाली घालून. चीक ढवळताना मान खालीच घालावी लागती, गाठी होत्यात!

आमच्या शेजारच्या रईसची पोरगी उज्मा, त्यो धारूरला सीताफळाचा गाडा लावतो बगा, त्येची, वैष्णवीची मैतरीन. तिनं ते मोबाईलवर काढलं. नऊ मिन्टं. मायेनंच काढलं हो. आन लोकांत टाकलं, "आमची आजी लई भारी."

मग कोन कुठला बाबा, ना नाव ना गाव, त्येनं त्या नऊ मिन्टातली वीस सेकंदं कापली. पदर ओढल्यापसून पोत्यापस्तोर. आन वर लिवलं, "बीड जिल्ह्यातल्या सासूचा छळ, सून मान खाली घालून रडते." रडते! चिकाची वाफ लागत होती तिच्या डोळ्याला!

आन कापलं काय, ठाव हाय? पुढचं कापलं. मी पुढं सांगितलं होतं, की हीच सासू म्हातारपनी अंथरुनाला खिळली, तवा लेकींच्या हातचं खायची न्हाई, माज्याच हातचं खायची. भाकर दुधात कुस्करून मी एक-एक घास द्यायची. आन शेवटच्या दिवशी माजा हात धरून म्हनली, "बायना, तू जेवलीस का?" बस, एवढंच. जन्मात पैल्यांदा इचारलं, आन गेली. मी हे सांगितलं तवा अंगनातल्या बायांनी सोऱ्या खाली ठिवल्या होत्या… ते मोबाईलमधी न्हाई. ते कापलं.

तात्याबांचा फोन आला. आवाज असा, जसं कुनी गेल्याचं सांगायला फोन केलाय. "सुंदरराव, आमच्या घरच्यांनी व्हिडिओ बघितला. ज्या घरात सुनेला भाकर मोजून देतेत, त्या घरच्या पोरीवर संस्कार बी तसेच. सुपारी राहू द्या."

आन आमच्या सुंदररावनं काय करावं? ते वीस सेकंद त्येनं तीनदा बघितलं. मग सैपाकघरात गेला आन हळूच संगीताला इचारलं. मी भाईर, पर माजे कान शाबूत हायेत. "खरंच माय तुला असं म्हनती का?" चौपन्न वर्सं! माज्या हातचं खाऊन चौपन्न वर्सं ह्या घरात राहायलाय! मी आत गेले, म्हनलं, रं सुंदऱ्या, तुला डोळे हायेत का? तर म्हनतो, "माय, पर मोबाईलमधी हाय…"

संगीता बी माजीच सून. भाकर थापता थापता म्हनली, "आत्याबाई म्हनल्या न्हाईत कवा. पर म्हनल्या असत्या तर असंच म्हनल्या असत्या."

ह्येला म्हनतेत आधार.

मी बोलून घेतलं, हसून घेतलं, पर वैष्णवी… पोरगी कामावरून यायची, ताटावर बसायची, भाकर नुसती कुस्करायची आन उठून जायची. मला म्हनली, "आज्जी, तुजा काई दोस न्हाई." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तुमाला सांगते, चार लाख लोक म्हनले की बायनाबाईच्या घरात पोरगी उपाशी राहती, तवा ते खोटं होतं. त्या आठवड्यात ते खरं झालं. आन माज्याच तोंडामुळं झालं.

उज्मा रडत आली. "अल्ला कसम आजी, मी तर पुरा नऊ मिन्टाचा टाकलता!" मी म्हनलं, बाळ, तुजी चूक न्हाई, पुरं ऐकायला कुनाला टाईम हाय. मग सुंदररावनं डोकं चालवलं. "माय, दुसरा व्हिडिओ टाकू. तू संगीताला पुरनाची पोळी भरव. काट्यानं काटा!" बसलो. उज्मानं मोबाईल धरला. मी घास केला, संगीताच्या तोंडाला लावला. संगीताला आधीच लाज, मोबाईलकडं बघून तिचा घास आडकला, ठसका लागला, डोळे पांढरे. सुंदररावनं तसाच टाकला. खाली लोकांनी काय लिवलं, ते वैष्णवीनं वाचून दाखवलं. "बिचारीच्या डोळ्यात भीती बघा." "धाक दाखवून खाऊ घालतीय." एकजन म्हनला, "पोळीत काय घातलंय त्याची तपासनी करा."

ते सहा लाखानं बघितलं.

मग मी म्हनलं, बास. लाव फोन त्या म्हाताऱ्याला. सुंदरराव म्हनला, "माय, तू काय बोलशील?" लाव म्हनलं ना!

मी म्हनलं, राम राम तात्याबा. तुमी माज्या वयाचे. तुमच्या टायमाला सोयरीक मोडायची आसली तर कशावरून मोडायचे? "चौकशी करूनच मोडायचो की बाई." मग आता केली का चौकशी? ज्येनं ते कापून टाकलं, त्येच्या बांधाला कोन हाय, ठाव हाय तुमाला? मी म्हनलं, माजा बांध सांगते. आमच्या शेताला लागून धुळाजीचं शेत हाय. बावीस साल झाले, आमी त्येच्या दारचं पानी पीत न्हाई, त्यो आमच्या. या, त्येला इचारा. त्यो म्हनला की मी सुनेला उपाशी मारती, तर तुमची सुपारी तुमच्यापाशी, माजी नात माज्यापाशी.

फोन ठिवला. सुंदरराव खाली बसला. "माय… तू पोरीची सोयरीक धुळाजीच्या हातात दिलीस?"

तुमाला खरं सांगते, फोन ठिवल्यावर मी काय करून बसले ते मला बी कळलं. कारन धुळाजीचं आन आमचं काई साधंसुधं न्हाई. हद्दीचा दगड मी दीड हात सरकवला, असं त्येचं म्हननं. माजं म्हननं, दगड हाय, पावसानं इकडं-तिकडं होतोय. मोजनी झाली, पंच बसले, त्येचा बैल मी कोंडवाड्यात घातला, त्येनं माजी बाभळ तोडली… माजं वाईट करायची संधी त्यो बावीस साल बघायलता, आन मी ताटात वाढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्याबा आले. नीट बांधावर गेले, घरी आले न्हाईत. जुनं मानूस. मी आपली बांधाच्या अल्याड कापलेल्या ज्वारीची धसकटं येचायलते. धसकटं कालच येचून झालती, ती गोष्ट येगळी. धुळाजीला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हनून त्यो सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा बोलतो. मला काई कान द्यावा लागला न्हाई.

"बायनाबाई व्हय?" धुळाजी सुरू झाला. "तोंड म्हंजी मळनीयंत्र हाय, तात्या! आत काईबी घाला, भुस्साच निघतोय! माजा दगड दीड हात खाल्ला! माजा बैल कोंडला! माज्या नातवाच्या जावळाला गावजेवान झालं, ही बाई आली न्हाई!" बोलावलं कुनी होतं? पर मी धसकटं येचायले.

तात्याबा म्हनले, "ते व्हिडिओतलं खरं हाय का?"

"त्यो व्हिडिओ? लई भारी हाय! मीच पंचवीस जनाला पाठवला!"

माज्या हातातलं धसकट गळून पडलं. गेलं, म्हनलं. वैष्णवीचं गेलं.

"मग खरं हाय म्हना की," तात्याबा उठायलते.

धुळाजीनं तंबाखू थुकली. "बसा खाली. कोन म्हनलं खरं हाय? अहो, बावीस साल झाले मी ह्या बाईचं वाईट हुडकायलोय. सुनेला उपाशी ठिवत आसती तर मी काय मोबाईलची वाट बघत बसलो असतो? गावभर भोंगा लावून सांगितलं असतं! बांधावर रोज डबा येतो, मी बघतो. सुनेच्या चार भाकरी, हिच्या दोन. आन कोरडा दुष्काळ पडलता तवा सुनेच्या दोन आन हिची एक. दगड चोरती, भाकर चोरत न्हाई."

"मग पंचवीस जनाला कावून पाठवला?"

"पाठवायला काय लागतंय, तात्या? बोट लागतंय. साक्ष द्यायला तोंड लागतंय. तुमी इचारायला आलात, मी तोंड दाखवून बोलायलोय. दोनी सारखं आसतंय व्हय?"

मी धसकटं येचत येचत घरी गेले. संगीतानं बघितलं, पान्याचा तांब्या दिला. सुपारी फुटली. वैष्णवीनं त्या रोजी चार भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या. व्हय, मोजल्या!

तुळशीचं लगीन झाल्यावर हिचं लगीन झालं. धुळाजीला बोलवावं लागलं, न बोलवून कसं? मी स्वता गेले, बावीस सालानं त्येच्या दारचं पानी पेले. गोड हाय, आमच्यापेक्षा. आला, म्होरच्या रांगेत बसला, अक्षता टाकल्या, मी माज्या हातानं बुंदी वाढली, आन त्यो म्हनला, "वहिनी, भाजीत मीठ कमी हाय." वरातीत नाचला सुदिक. सगळ्या पाव्हन्यांनी बघितलं.

आन इथंच घोटाळा झाला.

आता धाकट्या नातीला स्थळ आलंय वडवनीकडचं. मानसं चांगली. पर त्यो व्हिडिओ काई मेला न्हाई हो, तो अजून फिरायलाय, त्येंच्याबी मोबाईलमधी हाय. मी म्हनलं, हरकत न्हाई, आमच्या बांधाला धुळाजी हाय, त्येला इचारा. तर ते म्हनले, "आजी, चौकशी केली आमी. त्यो तर तुमच्या वरातीत नाचला म्हनं. त्यो तुमचंच बोलनार. त्येचं कशाला इचारायचं?"

बरूबर हाय त्येंचं. मी सुदिक हेच म्हनले असते. माजा बाप असाच फसलता.

मग काय करता! बावीस साल जपलेला एवढा पक्का साक्षीदार, एका बुंदीपायी हातचा घालवला. म्हनून काल सकाळी गेले बांधावर, चार मानसं बघायलीत ह्येची खातरी केली, हद्दीचा दगड उचलला आन चांगला वीतभर त्येच्या शेतात सरकवला. आन वर वराडले, "ये रं धुळ्या! काय करायचं ते कर!"

धुळाजी आला. दगडाकडं बघितलं. माज्याकडं बघितलं. मी कंबरंवर हात ठिवून तयार. आन त्यो मानूस, बावीस साल दीड हात मातीसाठी पंच बसवनारा मानूस, काय म्हनला ठाव हाय? चार मानसांदेखत?

"असू द्या, वहिनी. तुमचंच हाय. आनखी हातभर घ्या."

आता तुमीच सांगा… असल्या मानसाच्या शब्दावर कोन इश्वास ठिवंल?